माखामच्या नाकाचा जीव

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, आणि ज्याला पटेल त्यानं आपलं डोकं एकदा दाखवून घ्यावं. पण बँकॉकच्या सरकारनं गांजा मोकळा केला, आणि मेकाँगच्या काठावरच्या एका पोलीस चौकीत सुरुवातीला अशी शांतता पसरली की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी सगळे पोलीस टोप्या सावरत उभे राहायचे. काम आलं असं वाटून.

हवालदार बुनमा तेवढा उठायचा नाही. त्याच्या पायाशी माखाम पडलेला असे. माखाम म्हणजे चिंच, आणि कुत्र्याचा रंगही सोललेल्या चिंचेचाच. या कुत्र्याला एक विद्या येत होती. गांजाचा वास आला की भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, मुकाट्यानं खाली बसायचं. तो बसला की बुनमानं त्याच क्षणी खिशातली टॉवेलची गुंडाळी बक्षीस म्हणून, खेळायला त्याच्यापुढं टाकायची. जरा उशीर झाला की कुत्र्याची विद्या बिघडते, असं शिकवणाऱ्यांनी बजावलेलं. बुनमाचा हात कधी चुकला नाही. बायकोला अग्नी देऊन दुसऱ्या दिवशी कामावर आला, तेव्हाही नाही.

पूर्वी नदीपलीकडून गांजा यायचा, दाबून विटा केलेला. तो पकडायचा, तोलायचा, नमुने पाठवायचे, कोर्टाच्या फेऱ्या घालायच्या. त्याआधी टेबलावर विटा मांडून सगळ्यांनी मागं उभं राहायचं आणि मालाकडं बोट दाखवत फोटो काढायचा. बुनमाच्या घरी देव्हाऱ्याशेजारी असे फोटो होते. प्रत्येकात त्याचं बोट, आणि टेबलाखालून डोकावणारं माखामचं तोंड.

कायदा बदलला तेव्हा चौकीचे क्रिसदा साहेब म्हणाले होते, "चला, ओझं उतरलं. आता सगळी माणसं गोळ्यांच्या मागं लावू." गोळ्या म्हणजे नशेच्या, त्याही नदीपलीकडच्याच. साहेबांचं चुकलं नव्हतं. फक्त नवा कायदा माखामला कुणी सांगितला नव्हता. तो म्हातारीच्या सांधेदुखीच्या तेलापुढं बसला. कॉलेजातल्या पोरींच्या बिस्किटांपुढं बसला. तो बसला की पिशवी उघडायची, सगळं बाहेर काढायचं, परत भरायचं, हात जोडून माफी मागायची. तोवर मागच्या ट्रकातून गोळ्या पुढं निघून जायच्या. उरलेल्या वेळात तक्रारी. शेजाऱ्याचा धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. पोलीस जायचे, कपडे हुंगायचे, आणि म्हणायचे, हो, लागतो.

शेवटी ठरलं. फक्त गोळ्या ओळखणारा नवा कुत्रा यायचा. माखामनं बँकॉकच्या विमानतळावर जायचं, कारण देशाबाहेर गांजा नेणं अजून गुन्हाच होता. बुनमानं इथंच राहायचं, शाळेपुढं रहदारीला. नाक निकामी झालेला कुत्रा मात्र सांभाळणाऱ्याच्याच पदरात टाकायचा, अशी तिथली रीत होती.

बुनमाला हे सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. घरी जाऊन जेवायला बसला. चिकट भाताची गोळी मिरचीच्या ठेच्यात बुडवली, तिखट लागली नाही. दुसरी जास्त बुडवली. तीही लागली नाही. ताट धुऊन तो झोपला.

माखामला न्यायला साहेब गाडी घेऊन आले, त्या सकाळी बुनमा बोलला.

"साहेब, तुम्हांला पटायचं नाही, पण ह्याच्या नाकाचा जीव उडून गेलाय."

साहेब हसले नाहीत. तेही त्याच मुलखातले. अंगात बत्तीस जीव असतात, डोळ्यांचा वेगळा, गुडघ्यांचा वेगळा, आणि धक्का बसला की त्यातला एखादा निघून जातो, हे त्यांच्या आईनं त्यांना न्हाऊ घालताना सांगितलेलं.

"कुत्र्यालाही बत्तीस?"

"सरकारी कुत्र्याला, साहेब. गावठी कुत्र्यांचं मला माहीत नाही."

"गेला कधी?"

"बाजारात गांजाचं पहिलं दुकान उघडलं त्या दिवशी. हा दारात बसला. मी गुंडाळी टाकली. हा पुन्हा बसला, मी पुन्हा टाकली. दुपारपर्यंत आमचं तेच. मग ह्याला शिंक आली. अशी आली की दुकानाचं शटर खाली पडलं. नाकातून चतुरासारखं काहीतरी हिरवं निघालं आणि नदीवरून पलीकडं गेलं. तिकडच्या पोलिसांनी शिट्टीसुद्धा मारली, पासपोर्ट नाही म्हणून."

"आणि आता?"

"आता ह्याला कोंबडी आणि साबण एकच."

साहेबांचा ड्रायव्हर तेचिन गाडीला टेकून दात कोरत होता. "असू दे की, दादा. नाक नसलेले खात्यात पुष्कळ आहेत. पेन्शन घेऊनच जातात."

बुनमाचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. खोटं बोलतानाही त्याला काही वाटत नव्हतं, आणि आज तेच उपयोगी पडत होतं.

साहेबांनी माखामकडं पाहिलं. "असला कुत्रा पाठवला तर वरचे मला सोलतील. ठेव तुझ्याकडंच. पण त्याचा जीव बोलावलास का? मुकं जनावर आहे, असं अर्धं कसं ठेवायचं? आत्ताच करू. सायफोनमावशींना सांगा."

समोर शेवयांची गाडी लावणाऱ्या सायफोनमावशींनी केळीच्या पानांचे शंकू वळले, परतलेला जीव बांधून ठेवायला पांढरे दोरे आणले, कोंबडी शिजायला घातली. चौकीच्या ओसरीत चटई पडली. माखामच्या पुढच्या पायाला साहेबांनी स्वतः दोरा बांधायला घेतला. साहेबांच्या कोपराला बुनमानं हात लावला, बुनमाच्या कोपराला मावशींनी, रीतीप्रमाणं.

"ये रे नाकाच्या जीवा," साहेब पुटपुटले. "रानात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये. घर इथं आहे, धनी इथं आहे."

धनी हा शब्द बुनमाला ठेच्यासारखा झोंबला. किती दिवसांनी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग मावशींनी नैवेद्याच्या कोंबडीवरचं झाकण काढलं. त्या मुलखात कोंबडीच्या रश्श्यात चव यावी म्हणून मूठभर गांजाचा पाला टाकतात. आज्या चोरून टाकायच्या, आता उघड टाकतात. साहेब जेवणार म्हणून मावशींनी दोन मुठी टाकल्या होत्या.

वाफ ओसरीभर झाली. माखाम उठला. पायातला दोरा फरफटवत भांड्यापाशी गेला आणि बसला. पाठ ताठ, डोळे बुनमावर.

हात हलवायचा नाही, हे बुनमाला कळत होतं. पण गुंडाळी चटईवरून घरंगळत माखामपुढं गेलीही होती. माखामनं ती तोंडात धरली आणि शेपटीनं जमीन झाडू लागला.

"आला की हो जीव," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातचा नैवेद्य वाया जायचा नाही."

साहेबांच्या बोटांत दोऱ्याचं तुटलेलं टोक तसंच राहिलं.

"जीव आत्ता आला, ते मानलं," तेचिन दातातली काडी काढत म्हणाला. "पण नाक मेलं होतं, तर मग दादा, ती गुंडाळी आज खिशात कशाला आणली होती?"