टकळीची पहिली निवडणूक

पुढे मंत्री झालेल्या बाईंना लहानपणी सगळे ‘टकळी’ म्हणायचे. वडिलांचं जोडे शिवायचं दुकान होतं. शाळा सुटली की ही स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायची. तोंडाबरोबर हातही चालायचे. बाराव्या वर्षी ती टाच बसवायला शिकली. “हिचं तोंड शिवायला दोरा कुठून आणू?” म्हणत बाबा हसायचे.

एकोणिसाव्या वर्षी ती सैन्यात गेली. आईच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. बाबांनी मात्र गुपचूप एक छोटी हातोडी तिच्या पेटीत सरकवली.

पहिल्याच आठवड्यात नवे बूट मिळाले आणि अख्खी तुकडी लंगडायला लागली.

“कुरकुर नको, पाय सरावतील!” सार्जंटबाई गरजल्या.

टकळीनं बुटात हात घालून चाचपलं. टाचेपाशी शिवण गाठीसारखी वर आलेली.

शनिवारी कॅप्टनसाहेब पाहणीला आले. “कुणाची काही तक्रार?”

सार्जंटबाईंचे डोळे वटारलेले. टकळीनं ओठ घट्ट मिटले, पण जीभ ऐकेल तर ना!

“तक्रार नाही साहेब, विनंती आहे. तुमचा उजवा बूट काढता का?”

मागून कुणीतरी “मेली ही!” असं पुटपुटलं.

“का?” साहेबांनी भुवया चढवल्या.

“तुम्हीही आमच्यासारखेच लंगडताय.”

साहेबांनी बाकावर बसून बूट काढला. तिनं पेटीतून हातोडी आणली, शिवण ओली केली आणि ठोकून ठोकून सपाट केली. बूट घालून साहेब दहा पावलं चालले, वळले आणि चक्क हसले. “किती वेळात होतील सगळे?”

“दोन दिवस. मदतीला चौघी हव्यात.”

बावन्न बूट! ठोकाठोकीनं कोठार दणाणून गेलं. पुढच्या लांब पल्ल्याच्या चालीत एकही मुलगी मागे राहिली नाही. शेवटचा मैल तर त्यांनी गाणी म्हणत काटला.

महिन्याभरानं भोजनगृहाच्या समितीवर तुकडीची प्रतिनिधी निवडायची होती. कुणीतरी “टकळी!” ओरडलं आणि सव्वीसच्या सव्वीस हात वर गेले. त्यात तिचाही होता.

“स्वतःलाच मत?” सार्जंटबाईंनी हसू दाबत विचारलं.

“मग काय बाई! माझाच माझ्यावर विश्वास नसेल, तर या पोरींनी का ठेवावा?”

पुढे तिनं मोठमोठ्या निवडणुका जिंकल्या. पण त्या दिवशी ती जशी उड्या मारत बराकीत गेली, तशी पुन्हा कधीच नाही.