नवसाचा दुसरा घोडा

कोरीटच्या शेतात दादर ज्वारीची कापणी चालू होती. पाड्यातला झिपरू डोंगरातून चालत आला, बांधावर उभा राहिला आणि त्याने दिवाल्याच्या हातातला विळा काढून घेतला. दिवाल्याला तेव्हाच कळलं, घरी त्याची बायको भुरी राहिली नाही.

ते जर्मनच्या लढाईचं साल. पाऊस सरला तसा दिवाल्याने कुंभाराकडून मातीचा घोडा घेतला. मागे तो तापाने पडला होता, तेव्हा भुरी गडावरच्या देवीला घोड्याचा नवस बोलली होती. तो बरा झाला आणि दरवर्षी 'यंदा जाऊ' म्हणत राहिला. आता नवस राहिला म्हणून भुरीचा जीव अडकायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तिची थोरली बहीण फुलीबाई सोबत निघाली.

गड कुण्या राजाचा, कुणाला ठाऊक नाही. दरवाजाची एक बाजू तेवढी उभी. तटाचे दगड गवतात लोळलेले, टाक्यात मात्र गार पाणी. दिवाल्या ओंजळीने पाणी प्याला. खाली पाड्यातल्या चुलींचा धूर दिसत होता. पुष्कळ दिवसांनी त्याला बरं वाटलं.

देवी फुटक्या बुरुजाच्या कोनाड्यात होती. तिच्यापुढे मातीचे घोडे, जुने पावसाने झिजलेले. एकाच्या गळ्यात लाल मण्यांची माळ होती. दिवाल्या खालीच बसला. ही माळ बाजारात हरवली असं भुरी म्हणाली होती, आणि त्यावरून त्याने तिला किती टोमणे मारले होते.

"ही इथं कशी?"

"तिनंच बांधली. मी होते ना," फुलीबाई म्हणाली. "तुझं यंदा-यंदा संपेना. तेवढ्यात त्याला परत ताप भरेल, म्हणाली. अन् सांगू नको म्हणाली, नाही तर त्याला नेलं नाही म्हणून फुगून बसेल."

"मग हा घोडा एवढा चढ वाहायला का लावलास मला?"

"नाही तर आला असतास का गडावर?"

दिवाल्या हसला. भुरी गेल्यापासून पहिल्यांदाच. घोडा उचलून तो परत निघाला, तशी फुलीबाईने त्याचा हात धरला.

"वर आणलेला घोडा खाली नेत नाहीत. ठेव तिच्या घोड्याशेजारी, अन् तूही काही माग."

त्याने घोडा ठेवला. हात जोडून बराच वेळ बसला. मागावं असं काही सुचेना.

उतरताना फुलीबाईने विचारलं, "काय मागितलंस?"

"काही नाही. येईन परत."

घोडा वर आहे. मागणं राहिलं आहे.