ढवळीचा अंगारा

"घाल मुसकं! आत्ताच्या आत्ता घाल! हाडूक चघळून राहिली भवानी, अन् असल्या तोंडाची गाय दारात बांधू म्हन्तोस?"

शकुबाईनं अंगण डोक्यावर घेतलं होतं. तिच्या लेकानं, सटवाजीनं, ढवळीच्या जबड्यातून हाडकाचा तुकडा ओढून काढला, लांब भिरकावला अन् हात धोतराला पुसले.

"माय, जनावर हाय. त्येला काय कळतं?"

"त्येला न्हाई कळत, गावाला कळतं! हाडूक खाल्लेल्या गाईचं दूध ना देवाला चालत, ना माणसाला. या खेपेला सोडते. पुन्हा दिसलं तर बाजार दाखव तिला."

उंबऱ्यात उभ्या सुनेनं, लखमानं, पोरीला छातीशी आवळलं. हिवतापानं तिचं दूध आटलं होतं. पोरगी कोरडंच ओढायची अन् रडून रडून निजायची. आधार होता तो ढवळीचा, अन् तीही आता वाटीभरावर आली होती.

बरं, चाऱ्याला तोटा होता म्हणावं तर तेही नाही. साखरा गावच्या रानात कडवळ माणसाच्या छातीला लागलेलं. ढवळी पोट तट्ट होईस्तोवर चरायची अन् घरी आली की भिंतीचे पोपडे चाटायची, सटवाजीची घामट बंडी चघळायची. बरगड्या वर आलेल्या, उठताना कण्हायची. त्यात तोंडाला मुसकं आलं. आता भिंत चाटणंही तुटलं.

लखमाला तिचं दुखणं आतून कळायचं. पोरीच्या वेळी तिनंही चुलीमागची माती चोरून खाल्ली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

ओढ्यावर चाँदबी भेटली. तिचा नवरा अल्लाबक्ष रानातली हाडकं वेचून गाडीनं हिंगोलीच्या टेसनावर पोचवायचा. म्हणून गाव त्या घरापासून चार हात लांब.

"मुसकं काहून बांधलं गे बेटी? गाय पागल न्हाई. तिची हाडं मागून राहिली. कडवळ दिसतं हिरवं, पन नुसत्या हिरव्यानं काय व्हतं? तुमी दूध काढता, ते तिच्या हाडातून निघून राहिलं."

"मग काय करू चाची?"

"हाडं पांढरीफेक होईस्तोर जाळायची. वाटायची. मिठाची चिमूट घालून पेंडीत कालवायची. माझी बकरी मी अशीच उठवली."

"आत्याबाई जीव घेतील माझा!"

"तुझ्या चुलीत कोन म्हनलं? माझ्या चुलीत जाळते." चाँदबी हसली. "बाटलेली चूल अजून किती बाटंल?"

लढाईचे दिवस. मीठ मिळता मिळत नव्हतं अन् शकुबाई मिठाच्या मडक्याला कुणाला शिवू द्यायची नाही. लखमा ताटात वाढलेलं मीठ पदराच्या गाठीत बांधायची, भाकर अळणी गिळायची. सकाळी मुसकं काढून, चाँदबीनं दिलेली राख अन् ते मीठ कालवलेली पेंड पुढं करायची. ढवळी टोपलं चाटून चाटून वाळवायची.

एक दिवस शकुबाई मागं येऊन उभी.

"ते पांढरं काय चारून राहिली गं?"

लखमाच्या तोंडून निघून गेलं, "अंगारा हाय, आत्याबाई. नागनाथाचा. भावानं औंढ्याहून आणला."

शकुबाईनं हात जोडले. चिमूट उचलून आपल्या कपाळी लावली, उरली ती जिभेवर ठेवली. "आदुगर काहून न्हाई सांगितलं, बये?"

हाडकाची राख आत्याबाईंच्या जिभेवर गेली. पण झाकली मूठ ती झाकलीच ठेवावी लागली.

दिवाळीपर्यंत ढवळी सावरली. कातडीला तकाकी आली, दुधाची चरवी फेसानं भरू लागली, पोरीच्या गालांवर मांस चढलं. भिंत चाटणं सुटलं तसं मुसकंही खुंटीला गेलं. शकुबाई गावभर सांगत सुटली, "नागनाथानं उठवली माझी गाय!"

अन् एका सकाळी चाँदबी कुंपणाशी आली. हातात रिकामा लोटा.

"शकुबाई, सून तापानं पडली माझी. लेकरू उपाशी हाय. घोटभर दूध देता का?"

"दुसरं काय बी माग बाई, न्हाई म्हननार न्हाई. पन ही देवाची गाय. हाडकं वेचनाऱ्याच्या घरी हिचं दूध कसं देऊ?"

लखमा पोरीला बोंडल्यानं दूध पाजत होती. हात थांबला. ओठ उघडले. बोललं तर उद्या ढवळी बाजारात. मग ही मांडीवरची? धार थांबली तशी पोरगी कुरकुरली. लखमानं बोंडलं पुन्हा तिच्या ओठांना लावलं.

चाँदबीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"बराबर हाय बाई," ती म्हणाली. "देवाचंच हाय."

ती वळली तशी ढवळीनं दावं ताणलं, कुंपणावरून मान काढली अन् चाँदबीचा हात चाटायला लागली. तळवा, बोटांची बेचकी, नखं. नखांत अजून पांढरं होतं.

"आगं आगं, शिवली! लखमा, मुसकं आण आधी!"

लखमानं पोरीला खाली ठेवलं. खुंटीवरचं मुसकं काढलं. ढवळीनं ओळखीनं तोंड पुढं केलं. तिला वाटलं, पेंड आली.

"घट्ट बांध."

"व्हय, आत्याबाई."