तीन किलोमीटर अनवाणी

"घाल ना वं वयनी बूट! इथं कोण पाहून राहिलं?"

अमरावतीच्या मैदानावर माझा आवाज इतका चढला की रांगेतल्या पोरी वळल्या. वनरक्षकाची भरती होती, तीन किलोमीटर पळायचं. पुढच्या महिन्यात शकुन वयनीचं भरतीचं वय संपत होतं. म्हणजे हीच शेवटची भरती.

वयनीचं दोनदा पोट पडलं, तेव्हा माझ्या आईनं देवीला नवस बोलला. लेकरू होईपर्यंत सून पायात काही घालणार नाही. नवस आईचा, पाय वयनीचे. नववीतून शाळा सोडली म्हणून मला सगळे बिनडोक म्हणतात, पण एवढं तर मलाही कळतं.

"आई बोलली, तू काहून भोगून राहिली?"

"मोडला अन् पुन्हा काई झालं तं? मले बी लेकरू पाह्यजे, आचल."

"अन् नोकरी?"

"ते बी पाह्यजे."

मी अजूनच चिडले.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत वयनी चौथी होती. बाजूचा एक जण हसला, "चप्पल चोरीले गेली काय बाईची?"

"तुले काय करा लागते रे?" मी त्याच्या अंगावरच गेले. परत पाहिलं तर वयनी मागे पडलेली. मैदानात बारीक गिट्टी होती. शेवटच्या फेरीत ती टाचांवर, वेडीवाकडी पळत होती. थांबली मात्र नाही.

साहेबानं घड्याळ दाखवलं. "अकरा सेकंदानं गेलं, बाई. पुढच्या वेळी..." मग कागदावरची जन्मतारीख बघून त्यानं पुढचं नाव पुकारलं.

तिवस्याला घरी पोचलो तर आई दारातच.

"काय झालं वं?"

"राह्यलं जी," वयनी म्हणाली.

मी ओरडणारच होते, तेवढ्यात आईचं लक्ष फरशीवरच्या रक्ताकडे गेलं. तिनं कोमट पाणी आणलं, खाली बसून वयनीचा पाय मांडीवर घेतला, आणि सुईनं एकेक खडा काढायला लागली.

"राहू द्या जी आई, पाप लागते मले."

"चूप बस."

"आता तरी सोड ना तो नवस," मी म्हटलं.

"बोलली ते बोलली. माह्या हातात नाई राह्यलं आता." आईनं मान वर केली नाही.

दोन्ही पाय बांधून झाले. सासूनं पायाला हात लावला, म्हणून वयनी कशीबशी वाकली अन् आईच्या पाया पडली. आईचं तोंड सवयीनं उघडलं. एरवी ती म्हणते, 'लेकुरवाळी हो.'

आज नुसता हात वयनीच्या डोक्यावर राहिला.