पुराणिकबुवांची कवळी

ताडकळसच्या व्यंकटराव पुराणिकांचं सगळं घर त्यांच्या तोंडावर चालायचं. देवळात पोथी सांगायची नि शिधा घरी आणायचा. पण पुढचे दात गळाले, आणि ‘श्रीकृष्ण’ म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या अंगावर थुंकीचा सडा पडायला लागला. तानुबाई तर आडोशाला सूप घेऊन यायची. शेवटी आबासाहेब पाटील म्हणाले, "महाराज, आषाढीपोतर तोंडाचं बघा. न्हाईतर चातुर्मासाची पोथी त्या नव्या पुराणिक बन्सीधराकडं."

पूर्णेला ठेसनामागं एक चिनी माणूस दात बसवायचा. कायम तोंडावर रुमाल. त्यानं काढून दिलेली कवळी गुलाबी, ओलसर आणि कोमट होती. नवी वस्तू कोमट कशी? बुवांना शिसारी आली, पण चातुर्मास आठवून त्यांनी ती तोंडात घातली.

"पयले इसकू मेरी जबान सिकाव," चिनी म्हणाला. "बाद में तुमारी बोलती."

मग बुवा दर बाजाराला पूर्णेला जाऊन संथा घ्यायला लागले. तो आवाज चढवी, उतरवी; बुवा पाठशाळेतल्यासारखी मान वर-खाली करत घोकत. अर्थ विचारायची खोड त्यांना नव्हतीच. संस्कृतलासुद्धा त्यांनी ती कधी लावली नव्हती.

निर्जळी एकादशीला नदीवरून येऊन त्यांनी कोनाड्यातल्या भांड्यातून कवळी काढली, तर दाढेत भाताचं शीत. मऊ, फुगलेलं, ताजं.

"मनकर्णा, घरात भात केला होता?"

"एकादशीला? काय बोलायलाव तुमी!" बायको हसली. "पण पहाटं लय सुरेख पोथी म्हणत होतात हो. एक शब्द अडकला न्हाई."

पहाटे बुवा नदीवर होते.

त्यांनी कवळी राखेनं खसाखसा घासली, पण तोंडात घातली की सुटणारी लाळ दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची; गिळवेना, थुंकवेना. तसेच तावातावानं पूर्णेला गेले. "पुढचा पाठ दे, नाहीतर ही घाण परत घे!"

चिन्यानं रुमाल बाजूला केला. आत नुसत्या हिरड्या. "मेरेकू अब आती नै वो जबान," तो हळूच म्हणाला. "तुमकूच आती."

आषाढीला देऊळ गच्च भरलं. पोथी अशी खणखणीत झाली की तानुबाईनं सूप खाली ठेवलं, बन्सीधराची मान खाली गेली, नि आबासाहेबांनी नारळ देऊन चातुर्मास बुवांच्याच पदरात टाकला. शब्द आपोआप येत होते. बुवा नुसते कवळीभोवती बसून होते.

घरी येताच त्यांनी ती कोनाड्यातल्या भांड्यात ओकून टाकल्यासारखी टाकली. हे विहिरीत फेकून दे, एवढंच त्यांना बायकोला सांगायचं होतं. पण तोंडाच्या बोळक्यातून पूर्णेला घोकलेले ते चढउतार तेवढे बाहेर पडले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. मान आपली वर-खाली.

मनकर्णाबाईंनी, परका पुरुष चुलीपाशी आल्यासारखा, डोक्यावरून पदर ओढून घेतला.

"मनकर्णा," कोनाड्यातून बुवांचा स्वच्छ आवाज आला, "फराळाचं वाढ."

"वाढते हो," म्हणाली ती, आणि ताट घेऊन कोनाड्याकडं वळली.