कोरा प्रयोग

समारंभाच्या आधीच्या रविवारी दुपारी शंकासूर आमच्या घरी आली, तेव्हा हे नवा कोट घालून आरशासमोर उभे होते आणि मी तोंडात टाचण्या धरून बाह्यांची लांबी बघत होते. शंकासूर म्हणजे ह्यांची शेवटची विद्यार्थिनी. नाव तिचं चांगलं गोड आहे, पण पहिल्याच दिवशी तिने इतके प्रश्न विचारले, की प्रयोगशाळेने तिचं नव्याने बारसं करून टाकलं.

हे विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. मीही तिथेच गणित शिकवायचे, मागेच निवृत्त झाले. महिनाअखेर ह्यांची पाळी होती. म्हणून यंदाच्या गुणगौरव समारंभात ह्यांना जीवनगौरव आणि शंकासूरला उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार, असा गुरू-शिष्यांचा जोडीने मान ठरला होता. कोट त्याचसाठी शिवला होता. इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्या सांगण्यावरून शिवलेला हा पहिलाच कोट.

पोरगी बसली नाही. पाणी दिलं तर पेला हातात तसाच धरून राहिली.

"सर, मी कोरा केला," ती म्हणाली. "प्लॅस्टिकच्या बाटलीत."

ह्यांनी कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. टाचण्यांसकट.

हे समजायला रसायनशास्त्र यावं लागत नाही, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. तरुणपणी ह्यांनी खाडीकाठच्या एका झुडपाच्या पानांतून एक तेलकट पदार्थ वेगळा केला होता. तो कारखान्यात बनतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. झाडही तो बनवतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांनी ते दाखवलं आणि ह्यांचं नाव झालं. आमच्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर आजही इमारतीच्या आधी ते झुडूप दिसतं.

असा दावा करायचा तर आधी कोरा प्रयोग करावा लागतो. सगळं तसंच करायचं, तेच द्रावण, तीच भांडी, तेवढेच दिवस ठेवायचं. फक्त पानं घालायची नाहीत. पानांशिवायही तो पदार्थ निघाला, तर तो झाडाचा नव्हे, बाहेरून कुठून तरी आलेला. ह्यांनी कोरा केला होता, पुन्हापुन्हा केला होता, आणि दर वेळी तो स्वच्छ निघाला होता. पण त्या काळात प्लॅस्टिकच्या बाटल्या नव्याने आल्या होत्या आणि मोजक्याच मिळायच्या. हे पडले काटकसरी. चांगल्या बाटल्या पानांच्या अर्काला राखून ठेवल्या आणि कोऱ्याला जुन्या काचेच्या दिल्या. कोऱ्यात असणार काय, तो कशातही ठेवला तरी चालतो, असा हिशेब. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या पायलीच्या पन्नास झाल्या. तरी सरांनी केलं तसं करायचं, म्हणून प्रत्येक विद्यार्थी अर्क प्लॅस्टिकमध्ये ठेवत राहिला आणि कोरा काचेत.

शंकासूरने विचारलं, दोघांना वेगळ्या बाटल्या का? कुणाला उत्तर देता येईना. तेव्हा तिने कोराही प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवला. त्यात पान एकही नव्हतं आणि पदार्थ मात्र निघाला. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून तो त्यातच मिसळलेला असतो, आणि द्रावण त्याला हळूहळू ओढून घेतं. झाडाचा बिचाऱ्याचा काहीच संबंध नव्हता.

ती उभ्या उभ्याच रडायला लागली. म्हणाली, माझा पुरस्कार रद्द करा, प्रबंधही राहू दे, पण तुमचा समारंभ होऊन जाऊ दे. ह्यांनी तिला फक्त एवढंच विचारलं, की बाटल्या कोणत्या खोक्यातल्या होत्या. मग पायात चपला अडकवून दोघं प्रयोगशाळेत निघून गेली. मी कोटाच्या टाचण्या काढत बसले.

पुढचा आठवडा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. हे सकाळी जात, उशिरा येत आणि जेवताना ताटाकडे बघत राहत. सगळे प्रयोग त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा केले. काचेत ठेवलेल्या पानांत काही नाही, प्लॅस्टिकमधल्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणात मात्र आहे. मी मनातून रोज म्हणत होते, पोरीचं चुकलेलं निघू दे. विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि मी असा नवस बोलल्यासारखी वागत होते.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं सगळं लक्ष पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे होतं. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. समारंभ होऊ दे, निवृत्ती होऊ दे, मग एखाद्या अंकात चार ओळींचं पत्र छापून टाका. शंकासूरबद्दल त्यांनी खाली बघत सांगितलं, की हे आता निवृत्त होणार, तिला नवा मार्गदर्शक लागेल, आणि जिने स्वतःच्या गुरूचं दुकान बंद केलं तिला दुसरं कोण पदरात घेणार? गप्प राहिली तर तिला निदान पदवी तरी मिळेल.

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, पोरीसाठी तरी गप्प बसा. हे म्हणाले, बघू. ह्यांचं 'बघू' मला लग्नापासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ बघून झालंय असा असतो.

आणि थोरल्याचं काय, हा प्रश्न होताच. थोरला हा ह्यांचा पहिला विद्यार्थी, आता त्याच विभागात शिकवतो. आमच्या घरात त्याला इतकं थोरला म्हणायचो, की आमचा पोटचा मुलगा लहानपणी रुसून बसायचा, मग मी कोण म्हणून. थोरल्याची पदवी ह्याच पदार्थावर आहे. झाड उन्हाळ्यात तो जास्त बनवतं, असं त्याने सिद्ध केलं होतं. आता कळत होतं, की उन्हाळ्यात झाड काही करत नव्हतं. उकाड्याने बाटल्याच जास्त सोडत होत्या. तो परिषदेसाठी परदेशी गेला होता आणि समारंभाच्या सकाळी परस्पर सभागृहात येणार होता.

त्या सकाळी कोटाची बटणं लावून देताना मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, फोनवर का होईना, त्याला तरी आधी सांगा. त्याच्या पायाखालची जमीन जाईल हो.

"त्याला आधी सांगितलं तर तो मला थांबवेल," हे म्हणाले. "आणि मी थांबेन."

मी शेवटचं बटण लावलं. खरं सांगायचं तर राग आला. माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, हौस असेल तर. पण शेजारच्याचा पाय बाजूला करायला सांगावं की नाही?

आमच्या समारंभाची एक जुनी रीत आहे. विद्यार्थ्याचं मानपत्र त्याचा मार्गदर्शक वाचतो आणि शिक्षकाचं मानपत्र त्याचा सर्वांत पहिला विद्यार्थी. आधी विद्यार्थी, मग शिक्षक. सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर कापडाने झाकलेलं टेबल, त्यावर मानचिन्हं ओळीने, आणि ध्वनिक्षेपक दर दोन वाक्यांनी शीळ घालत होता. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्यापुढच्या रांगेत भिंतीकडच्या टोकाला शंकासूर, हात मांडीवर घट्ट धरून. थोरला अगदी सुरुवात होताना आला, दुरूनच माझ्याकडे बघून हसला आणि पलीकडे जाऊन बसला.

पोहण्यातलं पदक झालं, गणिताचं पारितोषिक झालं, ते माझ्या जुन्या विद्यार्थिनीला मिळालं आणि मला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. मग शंकासूरचं नाव पुकारलं. हे उठले. मानपत्र हातात घेतलं, चष्मा लावला, आणि मग कागद टेबलावर पालथा ठेवला.

"यात लिहिलंय, की हिने माझं संशोधन पुढे नेलं," हे म्हणाले. "तसं झालेलं नाही. हिने ते चूक ठरवलं. मी सगळं स्वतः पुन्हा करून बघितलं. झाडात तो पदार्थ नाही. तो माझ्या बाटलीत होता."

हे पुढे कोऱ्या प्रयोगाबद्दल बोलले, वर्गात बोलतात तसे, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचेल असे. काचेची बाटली कुणी दिली, का दिली, ते सांगितलं. विभागात यंदा याहून चांगलं काम कुणी केलेलं नाही, म्हणून हा पुरस्कार हिचा, असं म्हणून त्यांनी मानचिन्ह तिच्या हातात दिलं. टाळ्या वाजल्या, पण तुरळक, आणि लवकर थांबल्या. ती परत येऊन बसली, तर तिच्या शेजारची दोन मुलं मागे सरकली होती. तिच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी थोरल्याकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघितलं. तो समोर बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

प्राचार्यांनी मधले चार पुरस्कार घाईघाईने उरकले. जीवनगौरव गाळून टाकतील असं मला वाटलं, आणि मी तीच आशा करत होते. पण सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला कुणी काही सांगितलंच नसावं. तिने छापल्याप्रमाणे ह्यांचं नाव घेतलं आणि मानपत्र वाचायला थोरल्याला बोलावलं.

तो आला. कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने कागद हातात घेतला आणि ह्यांच्याकडे बघितलं.

"मला राग आलाय, सर," तो म्हणाला, आणि ते ध्वनिक्षेपकातून सगळ्या सभागृहाने ऐकलं. "मला आधी सांगायला हवं होतंत."

ह्यांनी मान हलवली. हो म्हणून.

थोरला कागद वाचू लागला, पण मनात. आम्ही उत्तरपत्रिका तपासतो तशी त्याची नजर एकेका ओळीवरून खाली गेली. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. त्या मानपत्रात झुडूप होतं, पदार्थ होता, परदेशातल्या गौरवाचा उल्लेख होता. मी ते आधी वाचलं होतं, चार ठिकाणी शब्द सुचवले होते. तो पार शेवटपर्यंत गेला, पान उलटलं आणि मग एकच वाक्य मोठ्याने वाचलं.

"सरांनी या महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं."

कागदाची घडी घातली, ह्यांच्या हातात दिली आणि तो खाली उतरला. मला इतका अपमान कधी वाटला नव्हता. जन्मभर राबलेल्या माणसाची एका ओळीत बोळवण केली, असं वाटलं. त्या कागदावर खरं उरलेलं तेवढं एकच वाक्य होतं, हे मला मागाहून कळलं. ह्यांनी ती घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मानचिन्हावर पदार्थाचं नाव कोरलेलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. प्राचार्य ते हातात घेऊन काही वेळ तसेच उभे राहिले.

थोरला आपल्या जागेवर गेला नाही. तो शंकासूरच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला, माझ्या अगदी पुढ्यात. ती अंग चोरून बसली. वर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

"उन्हाळ्यातलं बघितलंस?" त्याने समोर बघतच विचारलं.

"बघितलं, सर. कोऱ्याची बाटली उन्हात ठेवून." ती म्हणाली. "तुमच्या आकड्यांसारखेच आकडे आले."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता हा उठून निघून जाणार, आणि गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने डोळे उघडले.

"माझ्यासमोर परत करशील?"

"करेन की. उद्या?"

"आत्ता. तेच आकडे आले तर प्रबंध पुढे माझ्याकडे पूर्ण कर. आधी मला बघू दे."

दोघं उठली. भर आभारप्रदर्शनात, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघाली. समारंभातून मध्येच उठणाऱ्या किती जणांना आजवर ह्यांनी झापलंय, त्याला गणती नाही. ह्यांनी व्यासपीठावरून त्यांना जाताना बघितलं, आणि दार नीट दिसावं म्हणून खुर्ची थोडी वळवून घेतली. तो चेहरा बघून मला रडू आलं. इतका आठवडा आलं नव्हतं.

दारापाशी जाऊन दोघं थांबली. थोरला खिसे चाचपत होता. तो थेट विमानतळावरून आलेला, त्याच्याकडे कुठलं काय असणार. प्रयोगशाळेची किल्ली ह्यांच्याकडे असते, आणि समारंभाच्या दिवशी ह्यांचं सगळं माझ्या पर्समध्ये असतं.

मी डोळे पुसले आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत त्यांच्या मागे गेले.