वाणातली रोपं

"अस्मिता, तू बॉटनीवाली ना? माझ्या झेंडूला मिरचीसारखा चुरडा-मुरडा झालाय. येऊन बघ जरा."

सुचित्रावहिनींचा फोन शुक्रवारी सकाळी आला. २००९चा फेब्रुवारी होता. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि सूर्यकांतभाऊजींच्या साइटवर कुलूप लागलं होतं. अजमानमध्ये आमच्या मागच्या गल्लीत, जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर ते राहत. मागे अंगण होतं, म्हणून वहिनींची बाग होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून कागदी कपात झेंडूचं एकेक रोप दिलं होतं. दसऱ्याच्या माळा सुकवून त्यांनीच ते बी धरलं होतं. "नोकऱ्या राहोत न राहोत, पाडव्याला तोरण तरी घरचं," असं म्हणाल्या होत्या.

मी भिंग घेऊन गेले.

भिंतीलगत थर्मोकोलच्या पेट्या होत्या. पुढच्या ओळीत कळ्या धरलेला झेंडू. मागे गुडघ्याच्या वर गेलेली सात-आठ झाडं, रोग त्यांनाच होता. शेंड्याची पानं अरुंद, पिळवटलेली, कडा खाली वळलेल्या आणि वर काचेसारखी चमक. भिंगाखाली पानामागे धुळीच्या कणाएवढे पिवळट ठिपके सरकत होते.

"कोळी कीड आहे," मी म्हटलं. "तुमच्या मिरचीवरून आलाय."

"मग गंधक मारू?"

"थांबा. निरोगी पान बघू दे आधी."

ही माझी कॉलेजपासूनची सवय. रोग ठरवायचा तर चांगलं पान कसं असतं ते आधी बघायचं. बुडाशी, रोग लागण्यापूर्वी आलेलं एक पान मिळालं. झेंडूच्या पानात दांड्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने पाती असतात, पिसासारखी. इथे सगळी पाती एकाच बिंदूतून निघाली होती, उघडलेल्या पंजासारखी.

चुरगळून वास घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. तो वास मला बोटांना नको होता.

"वहिनी, हा झेंडू नाही."

"मग काय, मखमल?"

"भांग आहे."

"म्हणजे आपल्या शंकराची?" त्या हसल्या. मग ते हसू तिथेच अडकलं.

इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक सुनेला आम्ही पहिली गोष्ट सांगायचो, की बॅगेत खसखस आणू नकोस, इथे तीही अमली पदार्थात धरतात. आणि अंगणात ही ओळ उभी होती. तिची शिक्षा काही वर्षांचा तुरुंग होती, आणि भाऊजींचा व्हिसा महिनाअखेर संपत होता.

"पण मी झेंडूच पेरला गं! देवाशप्पथ!"

"या मातीत आणखी काय घातलंत?"

त्यांनी खिडकीतल्या लव्हबर्डांच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. रोजचा केर, सांडलेले दाणे, खत म्हणून याच पेट्यांमध्ये जात होते. दाणे रास अल खोरकडच्या एका दुकानातले, सुटे, मिसळीचे. अशा मिसळीत भांगेचं बीही असतं.

"उपटते आत्ताच," त्या उठल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "वाण."

त्यांनी फोन हातात घेतला. रोपं तेव्हा दोन बोटांची होती. कोणत्या कपात काय गेलं, ते कुणी पाहिलं होतं?

"फोन करून काय सांगू? तो शब्द फोनवर?"

"रोग सांगा. रोग खराच आहे. म्हणावं, रोप परत द्या, नाहीतर तुमची तुळस जाईल."

तुळशीचं नाव काढल्यावर कुणी कारण विचारलं नाही. दुपारपर्यंत कप परत आले. बरेच वाळलेले होते, काही खरे झेंडू, आणि दोन तसले. वहिनी बाथरूममध्ये बसून कात्रीने तुकडे करून फ्लश करत होत्या. दारात त्यांची शुभ्रा उभी होती. "मम्मा, व्हाय आर यू किलिंग देम? दे आर जस्ट सिक!"

माझं रोप मी धावत जाऊन पाहून आले. झेंडू होता.

उरली ॲलिस. वसईची, शेजारच्या बिल्डिंगमधली. दरवर्षी हळदीकुंकवाला यायची, हौसेने कुंकू लावून घ्यायची. तिचा फोन बंद होता.

"अगं, ते गेले ना," वहिनी आतूनच म्हणाल्या. "तिच्या लॉरेन्सने कर्जाची गाडी एअरपोर्टला टाकली आणि गेले. घर तसंच आहे."

त्यांची बाल्कनी तळमजल्यावर, रस्त्याला लागून होती. मी लांबूनच पाहिलं. कठड्याआड एक हिरवा शेंडा वाऱ्यावर हलत होता. पिळवटलेला. रस्त्यावरून तो झेंडूही असू शकत होता. महिनाभर बंद असलेल्या घरातलं झाड इतकं टवटवीत कसं, हे कळेना.

नातूर इद्रीस पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. इथे वॉचमनला नातूर म्हणतात. हा चितगावचा, सगळ्यांशी हिंदीत बोलणारा.

"मॅडम, ये पत्ती ऐसा क्यूँ हुआ? मैं तो रोज पानी देता. ॲलिस मॅडम बोली थी, फूल आएगा."

"नीचे का एक पत्ता लाओ. अच्छावाला."

त्याने किल्लीने घर उघडलं आणि पान आणून माझ्या तळहातावर ठेवलं. पंजा. मी मूठ मिटली.

"बीमार है. पौधा मुझे दे दो."

"तो दवाई दो ना, मॅडम. उनका अमानत है. अभी मालिक बैंकवालों को लेके आएगा, सामान देखेगा. एक चीज कम हुआ तो मेरे को पूछेगा."

खरं सांगितलं तर उद्या कुणी विचारल्यावर तो सांगणार. नाही सांगितलं तर रोज पाणी घालणारा म्हणून पकडला जाणार तोच. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी वळली.

"इद्रीसभाई, ये पौधा मिला तो सबसे पहले आपको ले जाएँगे."

तो माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिला. मग आत गेला, आणि काळी पिशवी गाठ मारून माझ्या हातात दिली.

"खलास, मॅडम. मैंने कुछ देखा नहीं. आप भी इधर आया नहीं."

गाडी माझ्याजवळ येऊन हळू झाली. काच खाली झाली. मी थांबले. आतल्या माणसाने बिल्डिंगचं नाव विचारलं, आणि मी हाताने दाखवलं. ज्या हातात पिशवी होती, त्याच हाताने.

वहिनींनी ती पिशवीही संपवली. पेट्यांमधली माती आम्ही चाळून, उकळतं पाणी ओतून, पुन्हा चाळली. महिनाअखेर ते पुण्याला गेले. पक्षी त्यांनी मला देऊ केले. मी नको म्हटलं.

पाडव्याच्या आठवड्यात माझ्या बाल्कनीतला झेंडू फुलला. मी रोज त्याचं पान भिंगाखाली धरत असे. पाती जोडीजोडीनेच होती, पिसासारखी. चुरगळल्यावर वासही झेंडूचाच.

मग एकदा खाली रस्त्यावर उभी राहून मी वर पाहिलं. फुलं कठड्याआड लपली होती. दिसत होती ती फक्त पानं.

वर येऊन मी तो उपटला, फुलांसकट.